शनिवारी आईला फिरवून कोणी आणलं

आधीच सांगून टाकतो – या सदरातले अनुभव मी आजवर वाचले ते फक्त चेष्टा करायला. चकवा, हडळ, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचायचे आणि माझ्या मित्राला, मंदारला, फॉरवर्ड करायचे, खाली दात काढणारे चेहरे टाकून. मी रेल्वे सिग्नलिंगमध्ये इंजिनिअर आहे. सिग्नल बिघडला की तो का बिघडला हे शोधणं हे माझं काम, आणि तिथे 'कारण कळलं नाही' असं लिहून चालत नाही. तेव्हा भुताखेतांवर विश्वास वगैरे सोडाच. आणि हे वाचून कुणी घाबरेल असंही मला वाटत नाही. मीसुद्धा घाबरलो नाही. मला लाज वाटली. अजून वाटते, म्हणून नाव न घालता लिहितोय.

आम्ही सिडनीत केलीव्हिलला राहतो – मी, बायको मेधा आणि मुलगी अन्वी, ती यंदा इयर इलेव्हनला, म्हणजे अकरावीला आहे. मेधा जीपी आहे, म्हणजे आपला फॅमिली डॉक्टर. गेल्या वर्षी माझी आई कराडहून आमच्याकडे राहायला आली. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गुडघे कुरकुरतात, बाकी ठणठणीत, आणि जीभ तर अजून वर्गात असल्यासारखी चालते. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा मी विमानात होतो. पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं.

जाताना बाबा माझ्यासाठी काहीतरी बोलले होते. ते फोनवर सांगायचं नाही, समोरासमोर बसून सांगायचं, असं आईनं ठरवून ठेवलं होतं. इथे आल्यावर ती मला चार-पाच वेळा तरी म्हणाली, की तुझ्याशी जरा बोलायचंय, बाबांचं. मी दरवेळी म्हणायचो, "हो गं आई, वीकेंडला निवांत बसू." आणि वीकेंडला कधी अन्वीचं टेनिस, कधी वेंटीच्या इंडियन दुकानांत किराणा, कधी कुणाच्या तरी मुलाचा बर्थडे. निवांत काही मिळालं नाही. मिळवलं नाही, असं म्हणा हवं तर.

तर ऑक्टोबरचा लाँग वीकेंड. क्वेकर्स हिलला आमचे मित्र राहतात, मंदार आणि पल्लवी. त्यांनी साउथ कोस्टला एक बीच हाउस शोधून काढलं. गावाचं नाव लिहीत नाही, पण सिडनीहून खाली साधारण चार तास. एका बाजूला नदीचं तोंड, मध्ये घोड्याच्या नालासारखा छोटा शांत किनारा, दुसऱ्या टोकाला खडक. खडकांत एक ब्लोहोल आहे – लाट आली की भोकातून पाण्याचा फवारा उडतो ते. नदीच्या बाजूला लाकडी धक्का, तिथे एक टपरीवजा आइस्क्रीमचं दुकान आणि मासे साफ करायचं दगडी टेबल. मासेवाले तिथे आतडी पाण्यात टाकतात आणि ती खायला भलेमोठे स्टिंगरे, ते चपटे, लांब शेपटीचे मासे, अगदी काठाशी येतात. आमचं घर बरोबर मध्ये, किनाऱ्यासमोर. ती टपरी सोडली तर गावात दुकान एकच, माणसं मोजकी. शांतता म्हणजे अशी, की मंदारला पहिल्या रात्री झोप लागेना.

आता मंदारचा प्लॅन. आपल्या लोकांना महाबळेश्वरपासून एक खोड लागलेली आहे, 'पॉइंट' करायची. कुठेही जा, सगळे पॉइंट झाले पाहिजेत. मंदारनं ग्रुपवर सगळं टाकलं होतं – व्हेल वॉचिंग, लाइटहाउस, ऑयस्टर, मग ब्लोहोल, मग धक्का, स्टिंगरे. आणि खाली पल्लवीचा मेसेज – 'काकू येणार ना? मग जेवणाची चिंताच मिटली!' त्यावर मी अंगठ्याचा इमोजी टाकला होता. हो, मीच.

काकू आल्या, म्हणजे आई आली. बरोबर कुकर, पोळपाट-लाटणं, कणीक, लसणीची चटणी, मेतकूट. शुक्रवारी आम्ही पोचलो ते अंधार पडल्यावर. आम्ही सगळे समुद्राकडे पळालो आणि आई स्वयंपाकघरात. आलो तर पिठलं-भात तयार. सगळ्यांनी ताव मारला, काकू तुमच्या हाताला काय चव आहे वगैरे म्हणून झालं. आईनं विचारलं, समुद्र कसा आहे? मी म्हटलं, अंधार होता गं, काही दिसलं नाही, उद्या बघ की खिडकीतून.

शनिवारी सकाळी व्हेल बघायला. बोट दुसऱ्या मोठ्या गावातून सुटत होती. आई लवकर उठून, चांगली साडी नेसून तयार होऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "आई, बोट हलते, तुला नाही झेपणार. तू आराम कर." आमच्याकडे हे वाक्य फार सोयीचं आहे. आईला झेपणार नाही. म्हणणाऱ्यालाही वाटतं आपण काळजी करतोय, आणि ऐकणाऱ्याला भांडता येत नाही. ती म्हणाली, बरं. मग विचारलं, "दुपारी जेवायला किती जण? पोळ्या करू की दशम्या?" मी म्हटलं, काहीही कर. आणि आम्ही दार ओढून निघालो. त्या दाराला नंबरचं कुलूप होतं, बाहेरून नंबर दाबल्याशिवाय उघडायचं नाही. नंबर मला आणि मेधाला माहीत. आईला सांगावा असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही, कारण ती बाहेर जाईल हेच डोक्यात आलं नाही.

व्हेल दिसल्या. पण मला बोट लागली आणि मी बहुतेक वेळ कठड्याला धरून उलट्या करत होतो. मंदारनं त्याचा व्हिडिओ काढला, मैत्रीला जागून. नंतर लाइटहाउस, ऑयस्टर सगळं उरकून आम्ही परतलो ते दुपार कलल्यावर. पोटात कावळे ओरडत होते.

आई व्हरांड्यात बसली होती. केस वाऱ्यानं विस्कटलेले, साडीचे काठ ओले, पायांना वाळू. समोर टेबलावर आइस्क्रीमचे दोन रिकामे कागदी कप, दोन्हीत लाकडी चमचे. आणि चेहरा असा फुललेला, की बाबा गेल्यापासून मी तो तसा पाहिला नव्हता. मी काय केलं? आत गेलो आणि कुकर उघडला. रिकामा. कणीकही भिजवलेली नव्हती.

"आई, काहीच केलं नाहीस जेवायला? सगळे उपाशी आलेत," मी म्हणालो. चांगल्या आवाजात नाही म्हणालो. पल्लवी 'अरे असू दे' म्हणाली तरी.

आई माझ्याकडे बघत राहिली. मग हसली. म्हणाली, "अरे, तूच तर म्हणालास, आज गॅस पेटवायचा नाही म्हणून."

मला वाटलं, हिनं माझं 'आराम कर' मनावर घेतलं. कप उचलून कचऱ्यात टाकले, शेजारच्या कुणीतरी दिलं असेल समजून. गावातून फिश अँड चिप्स आणले. जेवताना आई मध्येच म्हणाली, की ते पाणी उडतं ना, त्याचा आवाज आधी येतो, मग पाणी येतं. मंदारनं माझ्याकडे पाहिलं, मी मेधाकडे पाहिलं. ब्लोहोल तोवर आमच्यापैकी कुणीच पाहिलेला नव्हता. तो रविवारचा पॉइंट होता.

रात्री खोलीत मेधा म्हणाली, की वय झालेल्या माणसांना साध्या युरिन इन्फेक्शननंही असा गोंधळ होतो, सिडनीला गेल्यावर टेस्ट करू. आणि उद्या त्यांना एकटं ठेवायचं नाही. म्हणजे बघा, रविवारी आम्ही आईला बरोबर नेलं ते तिला समुद्र दाखवायला नाही. ती भ्रमिष्ट झाली की काय या भीतीनं नेलं.

तर रविवारी ब्लोहोल. घरापासून बोर्डवॉक, म्हणजे लाकडी फळ्यांची वाट, मग खडकात कोरलेल्या पायऱ्या. मी आईचा हात धरायला पुढे झालो तर ती माझ्या पुढे चालायला लागली. गुडघे दुखतात म्हणून आमच्या घरी जिना चढताना अर्ध्यात थांबणारी बाई. एका वळणावर वाट दोन्हीकडे फुटत होती, मंदार फोनवर मॅप बघत उभा राहिला. आई सरळ डावीकडे वळली. पुढे खालच्या पायऱ्यांवर मला म्हणाली, "इथे जपून हां, शेवाळं आहे. काल तूच घसरत होतास." शेवाळं होतं. अन्वी तिथेच सटकली आणि माझ्या दंडाला लोंबकळली.

काल कधी, असं विचारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात खडकाच्या पोटातून घुम्म असा आवाज आला. मग पाणी उडालं.

तिथून धक्क्यावर गेलो. आइस्क्रीमच्या टपरीत पांढऱ्या केसांची, उन्हानं रापलेली एक बाई होती. आईला बघितल्याबरोबर तिचा चेहरा खुलला. "बॅक अगेन, डार्ल?" म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, की मम्ला परत रम अँड रेझिनच देऊ ना? आणि आज चष्मा लावलास वाटतं, काल नव्हता. वर हेही म्हणाली, की एवढ्या प्रेमानं आईला फिरवणारा मुलगा हल्ली बघायला मिळत नाही, मी घरी जाऊन माझ्या मुलाला तुझं सांगितलं.

चष्म्याशिवाय मला समोरचं माणूस ओळखू येत नाही, हे इथे सांगायला हवं.

अन्वी म्हणाली, "डॅड, बट यू वेअर ऑन द बोट –" आणि मेधानं तिचा हात दाबला. मंदार आणि पल्लवी माझ्या तोंडाकडे बघत होते. आईसुद्धा बघत होती. पण तिच्या बघण्यात अभिमान होता हो... वर्गात पहिल्या आलेल्या मुलाकडे बघावं तसा. मला वाटलं धरणी दुभंगावी. नाही म्हणावं तर सगळ्यांसमोर काय बोलायचं? की बाई, तो मी नाही, मी हिला कुलूपबंद घरात पोळ्या लाटायला ठेवून गेलो होतो?

मी म्हणालो, "येस. बॅक अगेन."

आइस्क्रीम घेऊन आई धक्क्याच्या टोकाला एका बाकावर बसली, रोजची जागा असल्यासारखी. बाकीचे स्टिंगरे बघायला पुढे गेले. मला तिनं शेजारी बसवलं. कपातलं आइस्क्रीम निम्मं संपवलं. मग म्हणाली, "काल तुला इथे सांगितलं ना बाबांचं... फार मोकळं वाटतंय रे. दोन वर्षं छातीवर धोंडा होता. वाटायचं, तू धावपळीत ऐकशील, अर्धं ऐकशील, आणि ते वाया जाईल. पण तू काय ऐकलंस. एकदासुद्धा फोन काढला नाहीस."

मी मान डोलावली. त्या क्षणाला माझा हात खिशात, फोनवर होता. हात कसाबसा बाहेर काढला आणि मांडीवर ठेवला. आईनं त्याच्यावर तिचा हात ठेवला, चिकट, आइस्क्रीमचा. मला विचारायचं होतं, काय सांगितलंस? पण कसं विचारणार? मी तर ऐकलं होतं ना. ऐकून रडलोही होतो म्हणे. तिनं पदरानं माझे डोळे पुसले होते.

सोमवारी आम्ही सिडनीला परतलो. पुढे मी सगळं करून पाहिलं, ते थोडक्यात सांगतो. मंदारच्या व्हिडिओत मी बोटीवर आहे, कठड्याला लटकलेला, चष्म्यासकट. त्यामुळे मी झोपेत चालत गेलो वगैरे काही नाही. आईच्या सगळ्या टेस्ट मेधानं करून घेतल्या, रक्त, लघवी, स्मरणशक्तीसुद्धा. सगळं नॉर्मल. स्मरणशक्तीच्या टेस्टमध्ये आईनं उलट समोरच्या डॉक्टरची चूक काढली. कुणी दुसरा भला माणूस असेल, इंडियन टुरिस्ट असेल, असं मंदार म्हणतो. असेल. पण तो मराठी बोलत होता, तिला आई म्हणत होता, परत आल्यावर त्यानं दाराचं कुलूप नंबर दाबून उघडलं. आणि जिनं मला जन्म दिला, पाटीवर माझा हात धरून गिरवून घेतलं, ती मला ओळखायला चुकेल? दोन तास शेजारी बसून?

त्याच्याविषयी मी आईकडून आडून आडून बरंच काढून घेतलं. तिला वाटलं, मी आठवणी काढतोय. आम्ही बोटीसाठी निघालो आणि जरा वेळानं 'मी' परत आलो, म्हणालो, आई, चल, त्यांना जाऊ दे. पायऱ्यांवर तिला धरून नेलं, दमली की थांबलो, घाई केली नाही. तिनं मला तिच्या शाळेतली एक जुनी फजिती सांगितली आणि मी पोट धरून हसलो. साडीचे काठ ओले झाले कारण तिला लाटेत उभं राहायचं होतं आणि मी नको म्हणालो नाही. बोटीवरून परत येऊन मी कुकर उघडून ओरडलो त्याबद्दल विचारलं, तर म्हणाली, "ते चौघांत तू दाखवायला बोललास, मला कळलं होतं." म्हणजे माझं वागणं होतं ते नाटक, आणि त्याचं ते खरं. तिनं तिच्यापुरता हिशोब असा लावून टाकला होता.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं होतं. मला मान्य आहे. नोव्हेंबरात, ती परत जायच्या आदल्या आठवड्यात, मी ठरवून तिच्यासमोर बसलो. ती भाजी निवडत होती. सांगून टाकणार होतो, खरंच. पण तोंडातून निघालं ते भलतंच. म्हणालो, "आई, बाबांचं ते... परत एकदा सांग ना."

तिचे हात थांबले. म्हणाली, "नको रे. त्यांनी मला बजावलं होतं, एकदाच सांग, आणि तो शांत असेल तेव्हा सांग. ते झालं. परत परत उगाळायचं नसतं ते. तुझ्यापाशी पोचलं, माझं काम संपलं."

तीन शब्द बोलायचे होते मला. तो मी नव्हतो. जिभेवर आले होते. पण ते बोलल्यावर काय झालं असतं? ऑस्ट्रेलियात ती इतके दिवस राहिली, त्यातला तिचा म्हणून एकच दिवस होता, तो मी काढून घेतला असता. आणि वर हे, की नवऱ्याचे शेवटचे शब्द तिनं कुणा अनोळख्याच्या ओंजळीत घातले. हे मी स्वतःला सांगतो. पण खरं कारण एवढंच आहे, की मला लाज वाटली. आपण तिला रविवारी कशासाठी बरोबर नेलं होतं, हे तिला कळेल याची. मी म्हटलं, "बरं. राहू दे." आणि तिच्याबरोबर भाजी निवडायला बसलो.

कराडला माझी बहीण आई-बाबांच्या घराजवळच राहते. तिला फोन करून विचारलं, बाबा माझ्यासाठी काय बोलले होते, तुला माहीत आहे का? ती म्हणाली, तेव्हा खोलीत बाबांपाशी आई एकटीच होती, आणि ती मला कधीच बोलली नाही. उलट आई गल्लीत सगळ्यांना सांगत सुटलीय, माझ्या मुलानं मला समुद्र कसा दाखवला. शेवटी बहीण म्हणाली, दादा, तू आईला फार सुख दिलंस. मी फोन ठेवला.

आता मी आईला रोज फोन करतो. रविवारी तर तासभर. जमेल तेवढं शांत बसून ऐकतो, लॅपटॉप बंद करून ठेवतो. तरी ती मधूनमधून विचारते, ऐकतोयस ना? परवा असंच विचारलं आणि मग जराशानं, सहज, म्हणाली, "त्या दिवशी हे विचारावं लागलं नव्हतं."

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. होतं तेवढं सगळं वर लिहिलंय. वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं काही माहीत असेल, तर तो कोण होता हे मला सांगू नका, ते कळून आता काय करायचंय. बाबा जाताना माझ्यासाठी काय बोलले, ते त्याला माहीत आहे. मला नाही.